दावणीचा हिशेब : ग्रामीण साहित्यातील जनावरे, कवठे महांकाळच्या शिवारातून वाचताना

मराठी ग्रामीण कथा-कादंबरीत बैल पुष्कळ आहेत, म्हशी बेताच्या आहेत, शेळ्या फार थोड्या आहेत आणि कोंबड्या बहुतेक वेळा पाहुणा आला की कापण्यापुरत्याच येतात. कवठे महांकाळ तालुक्यातल्या शेतीची बोली गोळा करत गेली काही वर्षे मी हिंडतो आहे. इथल्या वाड्या-वस्त्यांवर हीच मोजदाद नेमकी उलटी दिसते. दारात दोन शेळ्या आणि खुराड्यात कोंबड्या नाहीत असे घर शोधावे लागते. बैलजोडी असलेले घर मात्र आता बोट दाखवून सांगतात. बैल आज कमी झाले हे उघडच आहे. पण बैल भरपूर होते तेव्हाही शेळी-कोंबडी होतीच. मग ती साहित्यात का आली नाही? हा प्रश्न केवळ प्राण्यांच्या यादीचा नाही. शेतकरी कुटुंब कशावर जगते याचे जे चित्र आपल्या साहित्याने आणि त्याहून अधिक आपल्या समीक्षेने उभे केले, त्याचा तो प्रश्न आहे.

आधी भूगोल. कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला तालुका. पश्चिमेला तासगाव-मिरज, पूर्वेला जत, दक्षिणेला कर्नाटकातले अथणी. मधून अग्रणी वाहते, म्हणजे पूर्वी पावसाळ्यापुरती वाहत असे. कृष्णाकाठचा ऊस आणि सांगलीची हळद जगाला माहीत. त्या समृद्धीला पाठ लावून हा तालुका उभा होता. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी उचलून इकडे येईपर्यंत इथली शेती आभाळावरची. खरिपात बाजरी, तिच्यात तुरीची ओळ, कडेला मटकी-हुलगा. रब्बीत शाळू आणि त्याच्या भोवती काटेरी करडईचा पट्टा, जेणेकरून भटकी जनावरे आत शिरू नयेत.

ही पिकांची यादी माणसाच्या ताटासाठी जितकी, तितकीच जनावराच्या गव्हाणीसाठी केलेली आहे. शाळू भाकरीसाठी पेरतात हे अर्धेच खरे. दाणा माणसाचा, कडबा जनावराचा. बाजरीचे सरमाड निकृष्ट, तरी उन्हाळ्यात तेही लागते. कडधान्याचे भुसकट शेळ्या-मेंढ्यांना. हुलगा शिजवून औताच्या बैलाला, कामाच्या दिवसांत. तुरीच्या तुराट्यांचा कूड होतो, चूल पेटते. जनावराचे शेण निम्मे शेणी लावण्यात जाते, निम्मे उकिरड्यावर, आणि उकिरडा वैशाखात परत रानात. या चक्रातला एक दुवा काढला की बाकीचे डगमगतात. आपण जिला मिश्र शेती म्हणतो ती अनेक वस्तूंची बेरीज नसते. एकाचा टाकाऊ भाग तो दुसऱ्याचा आहार, अशी ती बांधणी असते.

शेतीखात्यालासुद्धा हे समजायला वेळ लागला. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले. दाणा भरपूर, ताट बुटके. कागदावर उत्पन्न वाढले. पण रब्बीच्या कोरडवाहू पट्ट्याने मालदांडी सोडली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेली ही ३५-१ मालदांडी उंच वाढते, कमी ओलाव्यावर तग धरते, भाकरी चवदार देते आणि तिचा कडबा जनावर आवडीने खाते. नवे वाण नाकारणाऱ्या शेतकऱ्याला त्या काळी मागासलेले ठरवणे सोपे होते. खरी गोष्ट अशी, की खात्याने दाणा मोजला, ताट मोजले नाही. शेतकरी दोन्ही मोजत होता.

माझे म्हणणे असे, की ग्रामीण साहित्याच्या समीक्षेनेही बराच काळ हेच केले. तिने जनावराची माया मोजली, त्याचे ताट मोजले नाही.

हे नेहमी असेच होते का? तसे दिसत नाही. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्यात जंगलखात्याने गायराने आणि डोंगर बंद केले, त्यामुळे जनावरांची चराई तुटली, जनावरे घटली, आणि त्याचा फटका थेट शेतीला बसला, अशी कार्यकारणाची साखळी आहे. फुल्यांना बैलाविषयी कळवळा आहेच. पण तो कळवळा चराई, खत आणि मातीची धूप यांच्या हिशेबातून वर येतो. पुढे १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गांवगाडा' आला. आत्र्यांचे अनेक निष्कर्ष आज स्वीकारता येत नाहीत, भटक्या जमातींविषयीची त्यांची भाषा तर वाचवत नाही. पण गावात कोण कशाचा हक्कदार, कुणाच्या खळ्यावरून काय उचलले जाते, याची त्यांची नजर महसुली अधिकाऱ्याची आहे, आणि ती उपयोगाची आहे. त्याच सुमारास हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची आणि पुढे नारायण कानिटकरांसह जातेगाव बुद्रुकची घरोघर पाहणी केली. म्हणजे गावाला हिशेबाच्या अंगाने पाहण्याची एक परंपरा आपल्याकडे होती. स्वातंत्र्यानंतर ग्रामीण कथा बहरली तेव्हा ती परंपरा अर्थशास्त्राकडे गेली आणि माया साहित्याकडे आली. वाटणी सोयीची होती, पण दोघांचेही त्यात नुकसान झाले.

आता प्रत्यक्ष कृतींकडे. आनंद यादवांच्या 'गोतावळा'पासून (१९७१) सुरुवात करणे भाग आहे, कारण मराठीत माणूस आणि जनावर यांच्या नात्यावर इतकी एकाग्र कादंबरी दुसरी नाही. नारबा हा मालकाच्या रानात राहणारा गडी. त्याचे रक्ताचे कुणी नाही. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि हा गोतावळा पांगतो. या कादंबरीवर लिहिताना बहुतेकांनी यंत्र विरुद्ध निसर्ग असा सामना रंगवला आहे. तो चुकीचा नाही, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते. नारबाचे गोत असलेले एकही जनावर नारबाचे नाही. तो दुसऱ्याच्या मालमत्तेवर जीव लावून बसलेला माणूस आहे. जनावर विकण्याचा निर्णय मालकाचा, किंमत मालकाची; दुःख तेवढे नारबाचे. ही कादंबरी निसर्गाच्या ऱ्हासाची आहे त्याहून अधिक मालकीची आहे, असे मला वाटते. नारबाला एक पाडी जरी स्वतःची असती तरी त्याच्या निवेदनाचा सूर बदलला असता. ज्याला हिशेबात वाटाच नाही त्याच्या वाट्याला फक्त माया येते. यादवांनी ती कागलच्या बोलीत इतकी जिवंत केली आहे, की वाचक तिच्यात वाहून जातो आणि मालकाच्या बाजूचे गणित विसरतो. बैल बारा महिने खातो आणि औताला त्यातले थोडेच दिवस लागतो. त्याच्या वैरणीला रान गुंतते. बागायतीत त्या रानाची किंमत वाढलेली असते. हे गणित निष्ठुर आहे, पण खोटे नाही. कादंबरीतला ताण दोन्ही बाजू खऱ्या असण्यातून येतो. एक बाजू राक्षसाची केली की कादंबरी लहान होते.

एक गोष्ट इथेच नोंदवतो. कागल पाण्याचे, आमच्याकडे पाणी नाही. त्यामुळे ट्रॅक्टर आमच्याकडे वेगळ्या वाटेने आला. लहान शेतकऱ्याने तो विकत घेतला नाही, तासाच्या भाड्याने बोलावला. बैल गेले, म्हैस राहिली, शेळी राहिली. दावण रिकामी झाली नाही, तिच्यावर बांधलेले बदलले. 'गोतावळा'च्या चित्राला साऱ्या ग्रामीण महाराष्ट्राचे चित्र मानून चालणाऱ्या समीक्षेला हा फरक दिसत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आमच्या शेजारच्या माणदेशातली. माडगूळकरांचे माडगुळे आटपाडी तालुक्यातले, म्हणजे जिल्हा एकच आणि आभाळही एकच. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर आलेल्या तरुण मास्तराने सांगितलेली ही गोष्ट. त्यातला शेकूचा प्रसंग कुणी विसरत नाही : औताला दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको उभी राहते. दारिद्र्याचे दाहक चित्र म्हणून हा प्रसंग वर्गावर्गांतून शिकवला जातो, मीही शिकवला आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या कानाला यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. एक बैल म्हणजे अर्धी जोडी नव्हे. एका बैलाने औत चालत नाही, म्हणजे एक बैल हा शून्याच्या जवळचा आकडा आहे. म्हणून तर वारंगुळ्याची रीत : तुझा एक, माझा एक, आज तुझे रान, उद्या माझे. आमच्याकडे माणसांच्या श्रमाच्या अशा अदलाबदलीला पैरा म्हणतात. पैरा फेडावाच लागतो, न फेडणाऱ्याला पुढच्या सुगीला कुणी येत नाही. शेकूच्या औताला बायको लागते त्या क्षणी वारंगुळ्याची सगळी दारे बंद झालेली असतात. पेरणीचा वाफसा चार दिवसांचा असतो आणि त्या चार दिवसांत प्रत्येकाचा बैल स्वतःच्याच रानात हवा असतो. तेव्हा हा प्रसंग गरिबीचा जितका, तितकाच वेळेचा आहे. माडगूळकर यातले काही समजावून सांगत नाहीत. त्यांच्या संयमाचे कौतुक करताना आपण तो संयम कशावर उभा आहे हे विचारत नाही. तो वाचकाला हे गणित माहीत असल्याच्या भरवशावर उभा आहे. तो वाचक आता राहिला नाही, म्हणून हे लिहावे लागते.

बनगरवाडीत मेंढरे आहेत, आणि शेवटी दुष्काळात ती मरू लागतात तेव्हा वाडी उठते. मेंढरू इथे सजावटीला आलेले नाही. ते गेले की गाव जाते. मेंढपाळ आणि शेतकरी यांचा संबंध आमच्या तालुक्यात आजही पाहता येतो. आरेवाडीच्या बिरोबाला धनगर समाज लांबलांबून येतो. ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांवर केलेल्या कामामुळे ही दैवतकथा अभ्यासकांच्या जगात पोचली. तालुक्यातच रांजणीला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, आणि पलीकडे जत तालुक्यातले माडग्याळ त्याच नावाच्या उंच, फुगीर नाकाच्या मेंढीसाठी प्रसिद्ध आहे. पण देव आणि जात यांच्या मधली रोजची गोष्ट म्हणजे रानात मेंढरे बसवणे. सुगी झाल्यावर शेतकरी कळप रात्रीपुरता आपल्या रानात बसवतो. लेंडी आणि मूत जागेवर पडते. त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. शेतकऱ्याला खत, मेंढराला शिल्लक पाला, धनगराला दाणे. आपल्याकडे शेतकरी आणि पशुपालक यांना दोन संस्कृती म्हणून मांडण्याची सवय आहे. रात्रीपुरते बसवलेले मेंढवाडे त्या मांडणीत बसत नाहीत.

जगातही या विषयावर मोठा वाद झाला आहे. मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये असे मांडले, की भारतीयांचे गोवंशप्रेम वरवर धार्मिक दिसले तरी शेण, ओढकाम आणि दूध पाहता ते व्यवहाराला धरून आहे. आपल्या वि. म. दांडेकरांनी त्याला विरोध केला : वैरणीच्या मानाने जनावरे अधिक आहेत, ती अर्धपोटी आहेत, आणि या वास्तवाला शहाणपण म्हणणे बरोबर नाही. मला दोघांच्याही मधे उभे राहावेसे वाटते, पण वादाचा निकाल हा इथला मुद्दा नाही. दोघेही गाय-बैलांविषयी बोलत होते. शेळी त्या वादातही कडेलाच राहिली.

आता शेळीकडे. तिच्या अनुपस्थितीचे एक कारण सरळ आहे : ग्रामीण कथेचा निवेदक बहुधा पुरुष आहे, शिकलेला आहे, गावाबाहेर पडलेला आहे. त्याच्या आठवणीतली शेती म्हणजे औत, मोट, पेरणी, शर्यत, बेंदूर. ही सगळी बैलाभोवतीची कामे आणि पुरुषांची कामे. बेंदराला बैलाची शिंगे रंगतात, पाठीवर झूल पडते, पुरणपोळीचा नैवेद्य मिळतो. आमच्या सीमाभागात तर कुठे जेष्ठातला कर्नाटकी बेंदूर, कुठे आषाढातला महाराष्ट्री. शेळीला सण नाही. तिला सणाला कापतात.

शेळी, कोंबडी आणि बऱ्याच घरांत म्हैससुद्धा, ही बाईची जनावरे. अंडी विकून आलेले पैसे, बोकड विकून आलेले पैसे हे घरातल्या बाईच्या हाताला लागणारे जवळजवळ एकमेव नाणे. बैल विकायचा तर बाजाराला पुरुष जातो, खरसुंडीच्या जत्रेत रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो, आणि त्याची कथा होते. बोकड विकायचा तर खाटीक दारात येतो, सौदा उंबऱ्यावर होतो, आणि त्या पैशांतून वह्या, औषध, लेकीचे माहेरपण निघते. याची कथा झाली नाही. बैल ही घराची प्रतिष्ठा होती, शेळी ही घराची रोकड. गावातल्या अनेक शिकलेल्या पोरांची फी बोकडाने भरली आहे. पण आत्मचरित्रे लिहिताना त्यांना बैल आठवला. हे मी उपहासाने म्हणत नाही. आठवणीलाही प्रतिष्ठेची ओढ असते.

(या संदर्भात पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' आठवते आणि हसू येते. एस्टीखाली आलेली म्हैस, मग तिचा मालक, पंचनामा, भरपाई. विनोदी लेख म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. पण जनावर म्हणजे किंमत, आणि किंमत म्हणजे घासाघीस, ही गोष्ट त्यात जितकी उघड आहे तितकी अनेक गंभीर ग्रामीण कथांत नाही.)

दुसरी अनुपस्थिती अधिक गंभीर आहे. जनावर मेल्यावर काय होते? बैल मरतो, घर रडते, आणि कथा संपते. पण मेलेला बैल गोठ्यातून कुणीतरी ओढून न्यायचा असतो. त्याच्या कातड्याची मोट, वादी, वहाण होते. मोट होते म्हणून विहिरीचे पाणी वर येते. ज्याला आपण मिश्र कुटुंबशेती म्हणतो तिचे चक्र पुरे होण्यासाठी कुटुंबाबाहेरच्या, गावकुसाबाहेरच्या माणसांचे श्रम लागत आणि ते बलुत्याच्या नावाखाली बांधलेले असत. आटपाडीच्याच शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) आणि फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) वाचले की 'गोतावळा' या शब्दाची कुंपणे दिसू लागतात. गावाने ज्या जनावराला लेकरू म्हटले, त्याचे प्रेत ज्याने ओढले त्याला गावाने गोतात घेतले नाही. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा निर्धार झाला. त्याचा अर्थ अस्पृश्यांच्या स्वाभिमानाच्या अंगाने आपण लावतो, तो योग्यच आहे. पण त्याने शेतीच्या चक्रातला फुकटचा दुवा निखळला. गावोगाव या निर्धाराला जो विरोध झाला त्यामागे धर्म होता तसा हा हिशेबही होता. आपल्या समीक्षेने ग्रामीण आणि दलित असे दोन कप्पे केल्यामुळे एकाच गोठ्याच्या दोन दारांवरची ही पुस्तके एकत्र वाचली जात नाहीत. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासक्रमात 'गोतावळा'नंतर लगेच 'तराळ-अंतराळ' लावून पाहावे. दोन्ही पुस्तके बदलतात.

कवठे महांकाळचा स्वतःचा मोठा कथाकार म्हणजे चारुता सागर, मळणगावचे दिनकर दत्तात्रय भोसले. त्यांच्या 'दर्शन' कथेचा 'जोगवा' (२००९) या चित्रपटाला आधार होता हे पुष्कळांना माहीत आहे. 'नागीण' हा संग्रह मात्र कमी वाचला जातो. या प्रदेशातला लेखक असूनही त्यांनी शेतकऱ्याच्या सुखदुःखाची रूढ कथा फारशी लिहिली नाही. त्यांचे लक्ष जोगते-जोगतिणी, वाटेवरची, कुठेच न रुजलेली माणसे यांच्याकडे गेले. मला यात या मातीचीच खूण दिसते. जिथे चार वर्षांतून एक-दोनदा शिवार करपते तिथे शेतकरी आणि भटका यांच्यातले अंतर एका उन्हाळ्याचे असते. दावे सोडले की घर सुटते.

दावे सोडण्याची वेळ आमच्याकडे पुन्हा पुन्हा आली. १९७२ अजून लोकांच्या बोलण्यात आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्या उभ्या राहिल्या, आणि घरातली एक-दोन माणसे, बरेचदा म्हातारी माणसे आणि बायका, जनावरांसोबत महिनोन्महिने पालात राहिली. वर्गणी, राजकारण, लग्नाच्या बोलणी, जनावरांची आजारपणे, पेंडीची मोजदाद : एक आख्खे तात्पुरते गाव. या गावाची कादंबरी मराठीत यायला हवी होती. आणि इथेही तीच गोष्ट. छावणीची योजना मुळात मोठ्या जनावरांसाठी. शेळ्या-मेंढ्यांसाठी छावणीचा विचार सरकारी पातळीवर पुढे यायला २०१९ चा दुष्काळ उजाडावा लागला. शासनाच्या निर्णयात आणि साहित्याच्या पानावर शेळी न दिसण्याचे कारण बहुधा एकच असावे.

म्हैसाळचे पाणी आले आणि तालुक्याचा चेहरा बदलला. तासगावच्या द्राक्षाने पूर्वेकडे पाय पसरले. नागजच्या बाजूला बेदाण्याची शेड उभी राहिली, कारण कोरडी हवा हा आमचा शाप होता तोच बेदाण्याला वर ठरला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मधे औषधांच्या फवारण्या. द्राक्षबागेत बैलाला जागा नाही, तारेखालून छोटा ट्रॅक्टर जातो. छाटलेला पाला शेळीला घालावा तर त्यावर औषध मारलेले. कडबा पिकवणारे शाळूचे रान बागेखाली गेले. म्हणजे बागेने जनावर दोन्हीकडून हटवले. पण बागेला शेणखत लागते, आणि तेही ट्रॉलीच्या हिशेबाने! म्हणून आज शेणखत विकत घेतले जाते, आणि मेंढीच्या लेंडीखताला तर बागायतदार आधी सांगून ठेवतात. ज्या शेणाची किंमत कुणी कधी केली नव्हती त्याला भाव आला. ज्याच्याकडे बाग नाही पण चार जनावरे आहेत त्याच्या उकिरड्यावर गाडी येऊन उभी राहू लागली. चक्र मोडले म्हणावे, तर ते पूर्ण मोडले नाही. एका घरातले चक्र दोन घरांत वाटले गेले आणि मधे बाजार आला. यावर निदान माझ्या वाचनात मोठी कलाकृती नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने (२००२) विदर्भातल्या कोरडवाहू घराची घुसमट समर्थपणे मांडली. कर्ज काढून लावलेल्या बागेची, एका गारपिटीवर टांगलेली घुसमट तिच्या लेखकाची वाट पाहते आहे.

मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८) मी या संदर्भात पुन्हा पाहिला. बैल जायबंदी होतो. बटाट्याच्या लावणीला जोडी हवी. बाप तो विकायला काढतो. मुलगा अडून बसतो. सगळे डोळे मुलाबरोबर ओले होतात, माझेही झाले. पण चित्रपटाचे मोठेपण बापाच्या चेहऱ्यात आहे. तो दुष्ट नाही. त्याचीही बैलावर माया आहे आणि तो बैल विकणार आहे, आणि ही दोन वाक्ये शेतकऱ्याच्या घरात एकमेकांना खोडत नाहीत. जॉन बर्जर या इंग्रज लेखकाने युरोपातल्या शेतकऱ्यांविषयी असेच काही नोंदवले होते. शहरी माणसाला यात दुटप्पीपणा दिसतो, हेही त्याने ओळखले होते. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईंची १९७६ च्या कायद्यापासून होतीच. कायद्याच्या बाजूने आणि विरोधात जे बोलले गेले त्यात टिंग्याच खूप होता, टिंग्याचा बाप फार कमी होता. थकलेल्या बैलाच्या किमतीत नव्या खोंडाचा निम्मा पैसा उभा करणारा तो माणूस आज काय करतो? आमच्याकडे तो खोंड घेतच नाही. म्हैस घेतो, किंवा जर्सी गाय घेतो आणि तिला पाडा झाला की गप्प बसतो. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिल्यावर खिलार खोंडांना पुन्हा मोल आले खरे, पण ते धावणाऱ्याला. औताच्या बैलाला नाही.

आता राहिले काम. शेळीचे साहित्य नाही याचा अर्थ शेळीची भाषा नाही असा नव्हे. बोली गोळा करताना मला सर्वांत दाट शब्दसंपत्ती मिळाली ती वाट्याने जनावर पाळण्याच्या व्यवहारात. ज्या बाईकडे शेळी घ्यायला पैसे नाहीत ती दुसऱ्याची पाट अर्धलीने सांभाळते. कागद नाही, साक्षीदार नाही. ढालगावकडच्या एका बाईने सांगितले, पहिल्या वेताचे करडू सांभाळणारीचे, दुसऱ्या वेताचे मालकिणीचे. कुचीकडे ऐकले, की दोन झाली तर एकेक, एकच झाले तर त्याची किंमत ठरवून निम्मी. देशिंगच्या एका आजीने तिसराच नियम सांगितला : बोकड झाला तर विकून पैसे वाटायचे, पाट झाली तर ती वाटायची नाही, ती सांभाळणारीच्या दावणीला राहते आणि मूळ शेळी मालकिणीकडे परत जाते. शेळी मेली तर काय, असे मी विचारले. ती म्हणाली, कातडे दाखवायचे. कातडे दाखवले की फिटले. आणि वाघराने नेली, कातडेच मिळाले नाही तर? त्यावर तिने शेजारणीकडे पाहिले, आणि मग दोघींत त्या प्रश्नावरून अर्धा तास वाद चालला. तो मी शब्दशः उतरवून घेतला आहे.